पायथ्याची ‘वृक्षविरहित’ जमीन

हे लिहायला मला एका नोटिशीने भाग पाडलं. चिखलदऱ्याच्या पायथ्याशी, एका गावामागच्या उतारावर पर्यटकांसाठी वाहनतळ होणार. जमीन ‘पडीक, वृक्षविरहित’. हरकती सोमवारपर्यंत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना आमची सहल याच उतारावर झाडं ओळखायला गेली होती. वृक्षविरहित? शनिवारी पहाटेच निघाले.

अमरावतीहून परतवाड्याला एसटीने दीड-दोन तास. बायकांना अर्धं तिकीट. स्टँडबाहेर आलूबोंडा खाऊन घ्या, तर्री बेतानं. पुढची काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही. मार्चअखेर जाणार असाल तर पाणी भरपूर न्या. सावली मिळणार नाही.

गावात सुमरतीबाई भेटल्या, मोहाची फुलं वेचून परतत होत्या. नोटिशीचं सांगताच टोपली ओसरीवर ठेवून त्या माझ्यासोबत वर निघाल्या.

उतार खरंच उघडा. साग, सालई, धावडा, कुणाच्या अंगावर पान नाही. एका पांढऱ्याफटक खोडापुढे मी वहीत लिहिलं, ‘वाळलेलं’.

“मेलं म्हणता? काहून?” सुमरतीबाईंनी नखानं साल खरवडली. आत हिरवंगार. “कुलू हाये तो. उन्हाळ्यात असाच नागडा उभा रायते.”

मी शब्द खोडला. नोटीस लिहिणाऱ्याची चूक मीही केली होती.

प्रत्येक मोहाखाली मात्र जमीन लख्ख झाडलेली.

“ज्याचा मोह, तो झाडते. हा आमचा, तो जावेचा. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल आमी उचलत नाई.”

“आणि वाहनतळ झाला तर?”

“मंग काय, गाड्या वेचू?”

मुक्काम त्यांच्याच ओसरीवर, ज्वारीची भाकर आणि ठेचा. रविवारभर झाडं मोजली, साल खरवडून.

सोमवारी नोटीस काढणाऱ्या कार्यालयातले बाबू म्हणाले, “म्याडम, पान नाई तं झाड कसं लिहाव?”

“तुमच्या डोक्यावर केस नाहीत. डोकं नाही असं लिहू का?”

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबूंनी शिक्का उचलला.

आता घरी आहे. निकाल काय लागेल, ठाऊक नाही. पदवी असून जिवंत झाडाला मेलेलं लिहिलं, ही लाज तेवढी सोबत आली. ती मी वाया घालवणार नाही. पावसाळ्यात पालवी फुटली की बाबूंना हाताला धरून तिथे नेणार.

सोमवारी सोपवलं, पोहोच घेऊन: हरकतीचा अर्ज, सुमरतीबाईंच्या अंगठ्यासह. एकशे बारा झाडांची यादी. त्यातल्या चौदा मोहांपुढे झाडलोट करणाऱ्या घराचं नाव. आणि कागदाच्या पुडीत मोहाची ताजी फुलं. बाबू ती घेईनात. ‘सहपत्र क्रमांक दोन’ असं त्यांच्याच हाताने लिहून घेतलं.