आधी कळप केवढा होता?

जगाच्या कोणत्या भागात जंगल अधिक वेगाने नाहीसे होते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला होता. देशांचा क्रम लावून झाला होता. तेवढ्यात रुग्णालयातून मुलीचा फोन आला, "बाबा, आई गेली." मी पेनाला टोपण लावले आणि ते खिशात ठेवले. त्यानंतरचे फारसे आठवत नाही... या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

कौसल्या, माझी पत्नी, बजाजनगरच्या शाळेत गणित शिकवायची. मी तिथेच भूगोल शिकवत असे. मुलगी सासरी गेली, निवृत्तीनंतर आम्ही दोघेच चिकलठाण्याला राहू लागलो. तिचे माहेर सोयगावकडचे, मेंढपाळाचे. तिकडे कुणाची मेंढरे लांडग्याने नेली किंवा रोगाने गेली, तर किती गेली हे नंतर विचारतात. आधी विचारतात, कळप केवढा होता? शेकडेवारीचा पहिला तास ती याच प्रश्नाने सुरू करायची. कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलांनी कळप क्वचितच पाहिलेला असे, पण प्रश्न त्यांना लगेच समजत असे.

रुग्णालयात दाखल होण्याच्या आदल्या दुपारी तिने माझा कागद पाहिला. ब्राझील सर्वांत वर होता.

"सर," ती म्हणाली. मला चिडवायचे असले की ती सर म्हणायची. "मेंढरं किती गेली ते लिवलंत. कळप केवढा व्हता?"

"तिथे सर्वांत जास्त जंगल गेले आहे, म्हणून वर."

"व्हय, पण मोठ्या कळपातली धा गेली तर धनगर त्या सांजेला जेवतो. पंधरातली धा गेली तर त्याच्या घरी चूल पेटत नाय."

मी म्हणालो, काही देशांत नवी लागवडही होते, ती वजा केली की घट कमी दिसते. त्यावर ती हसली. "बाजारातून कोकरं आणून वाडा भरला, म्हणजे जुना कळप मेला नाय व्हय? दोन्ही आकडे येगळे मांडा."

मांडतो म्हणालो... ते राहून गेले.

परवा ते काम पूर्ण केले. गेलेल्या जंगलाला आधीच्या जंगलाने भागले, तेव्हा क्रम बदलला. ब्राझील खाली आला. पश्चिम आफ्रिकेतले काही छोटे देश वर गेले. युरोपात बऱ्याच ठिकाणी जंगल वाढलेले दिसते. त्यात लागवड किती, हे वेगळे पाहावे लागते. म्हणून 'कुठे सर्वांत जास्त' आणि 'कुठे सर्वांत वेगाने' हे दोन निराळे प्रश्न आहेत. तिचे बरोबर होते. तिला हे सांगायचे होते.

भेटायला पुष्कळ लोक आले. वय झाले होते, सुटली, असे म्हणाले. मी मान हलवत राहिलो. शेवटी तिचा चुलतभाऊ रामा आला. तो अजून मेंढरे राखतो. पाणी प्यायला आणि म्हणाला, "दाजी, घरात किती जण व्हता?"

"दोघंच."

तो सांजेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिला.

वाचकांना एक विनंती आहे. माझ्या उत्तरावर विसंबू नका. जंगल किती गेले हा आकडा कुठेही दिसला, तर आधी किती होते ते शोधा, भागाकार करा आणि स्वतः पडताळून पाहा.