तिला जरा बसू द्या

घरी नवी मोटारसायकल घ्यायचं ठरलं, तेव्हा जुनी कोणाला द्यायची याचा आमच्या यांनी फार विचार केला नाही. "तुझ्या भावाला देऊ," म्हणाले. "परक्याच्या हातात जायला नको. जीव लावणारी गाडी आहे."

माझा धाकटा भाऊ धुळ्याला देवपुरात राहतो. दुकानादुकानांत माल पोचवायचं काम करतो. त्याची गाडी चोरीला गेली होती. फोनवर दोघांचं पैशाचं जमलं. भाऊ खूश, हे त्याहून खूश. मी मात्र तेव्हापासून काळजीत पडले.

त्या गाडीची गोष्ट अशी होती. उन्हात सलग पळवली की तिच्या इंजिनात वरपर्यंत तेल पोचायचं नाही. त्यात ती तेल खायची. भरलेलं तेल कुठं जायचं कळायचं नाही, फक्त मागून निळसर धूर यायचा. तापली की आधी कटकट असा आवाज वाढायचा, मग तिची ओढ कमी व्हायची, आणि तरीही दामटली तर इंजिन जाम. इंजिन जाम झालं की मागचं चाकसुद्धा फिरायचं थांबतं. ज्यांच्याकडे तसली गाडी होती त्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. आणि त्यातला एकही माणूस गाडीत दोष आहे असं म्हणायचा नाही.

आम्ही पहूरहून जळगावला निघालो की नेरीच्या पुढे एका लिंबाखाली थांबायचो. हे इंजिनाजवळ हाताचा पंजा धरून किती तापली ते बघायचे. तेल मोजायची दांडी काढून पुसायचे, पुन्हा बुडवून बघायचे. बाजूच्या डब्यात पाण्याच्या जुन्या बाटलीत तेल असायचं, त्यातलं थोडं घालायचे. कधीकधी त्याच लिंबाखाली तसलीच दुसरी गाडी उभी असायची. एकदा एक म्हातारे नाना होते. यांना म्हणाले, "माझी तर जुनी शे. पण खोटं नाही सांगत, आजपर्यंत कधी रस्त्यात बंद पडली नाही."

"मग नाना, इथं काय करता?" यांनी विचारलं.

"काही नाही. तिला जरा बसू देतोय."

दोघंही हसले. मी पदर तोंडाला लावून हसले होते. तेव्हा हसू यायचं.

मग एकदा जळगावच्या रस्त्याला, भर दुपारी, ती थांबायच्या आधीच जाम झाली. चाक बसलं, गाडी आडवी घसरत गेली. मी मातीत पडले आणि माझ्या पायांपासून हातभर अंतरावरून एक टँकर गेला. त्याचा वारा अजून अंगावर येतो. यांचं कोपर सोललं होतं. उठल्यावर यांनी आधी गाडी उभी केली, तिचा आरसा सरळ केला आणि मला म्हणाले, "माझंच चुकलं. तुझ्याशी बोलत बसलो, तिचं ऐकायचं राहिलं." गाडीला एक शब्द बोलले नाहीत.

माझे वडील बैल विकायचे तेव्हा बाजारात आधी खोड सांगायचे. एक बैल होता आमच्याकडे, पाणी ओलांडताना मध्येच बसायचा. वडिलांनी गिऱ्हाइकाच्या हातात दावं द्यायच्या आधी ते सांगितलं होतं. न सांगता दिलेलं जनावर गिऱ्हाईक परत आणून बांधतं, आणि वर गावभर बोलणं होतं. मला वाटायचं, गाडीचंही तसंच असेल. म्हणून मी एकदा हिय्या करून यांना म्हटलं, "भावाला तेवढं थांबायचं सांगा."

"त्याला काय सांगायचं? गाडीवाला माणूस आहे तो. आणि ती काय खोड आहे का? स्वभाव आहे तिचा. महिनाभरात कळेल त्याला."

महिना कशाला लागेल, पहिल्याच दिवशी पहूरहून धुळ्याला जायचं होतं, मे महिन्यात, ट्रक आणि कंटेनरांच्या मधून. पण यांच्यापुढे मी इतकंच बोलू शकते. त्याच्या पुढचे शब्द मला सुचतच नाहीत.

द्यायच्या आदल्या दिवशी हे गाडी गॅरेजला घेऊन गेले. परत आले तेव्हा मला दारात गाडी आल्याचं कळलंच नाही. नेहमी कोपऱ्यावरून तिची कटकट ऐकू यायची.

"जाड तेल टाकलं," हे म्हणाले. "ट्रॅक्टरचं. आवाज बघ कसा बसला! पाहुण्याला द्यायची तर अशी द्यावी."

बैलाची शिंगं रंगवून द्यावी तशा मनानं त्यांनी ते केलं होतं. त्यांच्या डोळ्यांत काही खोटं नव्हतं. पण तापल्याचं जो आवाज सांगायचा, तोच आता यायचा नव्हता.

भाऊ सकाळच्या बसनं आला. उन्हाच्या आत निघतो म्हणत होता. पण बहिणीच्या घरून भाऊ न जेवता कसा जाईल? वरण-बट्टी, वांग्याची भाजी झाली, मग गप्पा झाल्या. ऊन डोक्यावर आलं. मी गाडीला हळद-कुंकू लावलं, यांनी नारळ फोडला. मग हे बाजूचा डबा रिकामा करायला बसले. फडकं, पान्हा, जुनी पावती आणि ती तेलाची बाटली. सगळं पुसून खिडकीत ठेवलं. स्वच्छ डबा त्यांनी भावाला उघडून दाखवला.

मी खिडकीतल्या बाटलीकडे बघत होते. ती तिथं राहणार आणि गाडी जाणार. माझी भाची आणि भाचा रोज त्या गाडीवर शाळेत जाणार. भाऊ किक मारायला लागला तसं मी घरात गेले, बाटली हातातल्या पिशवीत टाकली, दुसऱ्या पिशवीत बिबड्या, उन्हात वाळवलेले ज्वारीचे पापड, भरल्या आणि बाहेर येऊन म्हटलं, "मी पण येते."

हे बघतच राहिले. भाऊ म्हणाला, "अक्का, या उन्हात तू कसाले येस?"

"बिबड्या द्यायच्या आहेत भावजयीला."

"मी लई जास ना."

"तुटतील तुझ्याकडून," मी म्हटलं आणि मागे बसलेसुद्धा.

हे म्हणाले, "अवं, उद्या बसनं जा ना." मी ऐकू न आल्यासारखं केलं. लग्न झाल्यापासून असं मी कधी केलं नव्हतं.

नेरीच्या पुढचा लिंब आला तेव्हा मी भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "थांब जरा." तो थांबला. मला पाणी दिलं. मी म्हटलं, "हिला मधून मधून थांबवावं लागतं रे." तो हसला. "अक्का, मक्खन शे गाडी. आवाज बी नही. दाजींनी काय ठेवेल शे!" त्याच्या तोंडावरचा आनंद बघून मी गप्प बसले. पुढचं बोलायचं म्हणजे माझ्याच माणसानं माझ्याच भावापासून लपवलं असं म्हणायचं. तसं त्यांनी केलंही नव्हतं. मग काय म्हणायचं?

जळगाव मागे पडलं. एरंडोल आलं आणि गेलं. मी कानांत जीव आणून ऐकत होते, पण फक्त वारा आणि ट्रकचे भोंगे. कान उपयोगाचे नव्हते म्हणून पाय पुढे सरकवला. उजव्या घोट्याला इंजिनाची झळ लागत होती. आधी चुलीशेजारी बसल्यासारखी, मग तव्याजवळ हात नेल्यासारखी. साडीचा काठ तापला. जळकट वास यायला लागला.

"थांब रे भाऊ."

"पारोळाले चहा पिऊत, अक्का."

"आत्ता थांब."

"आते पोचनूत ना!" तो मान न वळवता ओरडला.

मग मला जाणवलं, गाडीला कोणी मागून धरून ठेवल्यासारखं होत होतं. भावानं मूठ आणखी पिळली. मागे बघितलं तर एक कंटेनर येत होता, दिवे लावलेला. थांब म्हटलेलं तो ऐकणार नव्हता.  मी मांडीवरची बिबड्यांची पिशवी उचलली आणि रस्त्याच्या कडेला सोडून दिली.

"बिबड्या पडन्यात! भाऊ, बिबड्या!"

पडलेल्या वस्तूसाठी माणूस थांबतो. भावानं क्लच दाबला, गाडी डाव्या बाजूला घेतली. डांबरावरून मुरमात चाक उतरलं आणि इंजिन आपसूक बंद पडलं. कंटेनर भोंगा वाजवत गेला, आम्ही दोघंही धुळीत माखलो.

"काय वं अक्का, धरता नही येत का?" म्हणत तो पिशवी घेऊन आला. बिबड्यांचा चुरा झाला होता. तो बसला, किक मारली. किक दबेना. पुन्हा मारली. पाय दुखला त्याचा, पण ती जागची हलली नाही. तो खाली उतरला, वाकून हात लावायला गेला आणि चटकन मागे घेतला.

"हाई काय व्हयनं?"

"जाम झाली. होते ती. थांबलो नसतो तर चाक बसलं असतं."

"तुले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"मग घरीच का नही सांगं?"

"आते सांगस ना," मी म्हटलं. आणि बाभळीच्या तुटक्या सावलीत उभं राहून सगळं सांगितलं. तेल, लिंब, टँकर, कटकट, जाड तेल. इतकं सलग मी कोणाशी बोलले नव्हते. त्याचा चेहरा लाल होत गेला. त्यानं फोन काढला, यांना लावला आणि आवाज मोठा केला.

"दाजी, गाडी जाम व्हयनी."

"कुठं? एरंडोलच्या पुढे ना?" हे अगदी शांत. "उन्हात काढली ना रे. बसू दे तिला जरा. मग डब्यातली बाटली..." ते थांबले. खिडकीपाशी गेल्याचं कळलं. "अरे, बाटली इथंच ठेवली होती मी. कुठं गेली?"

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

पलीकडे खिडकी लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "अवं, मला वाटलं तू बिबड्या द्यायला गेली."

"त्याला सांगा, तिला खोड आहे म्हणून," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"खोड काय त्यात, स्वभाव..."

"दाजी, मनी दोन पोरं बसतीन हिच्यावर!" भाऊ ओरडला.

 पुष्कळ ट्रक गेले मधल्या वेळात. मग हे खालच्या आवाजात म्हणाले, "खरं आहे. सांगायला पाहिजे होतं. असं कर, गाडी परत घेऊन ये. टेम्पोत टाकून आण. तुझे पैसे परत देतो."

भावानं फोन ठेवला. आम्ही सावलीत बसलो. त्यानं पिशवीत हात घालून बिबड्यांचा चुरा काढला, मला दिला, स्वतः खाल्ला. तो गाडीकडे बघत होता. कुंकू अजून तिच्या दिव्यावर होतं. बैल घेणाऱ्या त्या माणसानं खोड ऐकल्यावर असंच बैलाकडे बघितलं होतं आणि मग दावं हातात घेतलं होतं.

इंजिन निवलं तेव्हा भावानं दांडी काढून बघितली, बाटलीतलं तेल घातलं, किकवर हळूच पाय ठेवला. किक दबली.

"टेम्पो बघायचा का?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "आते माहीत पडनं ना."

पारोळ्यापर्यंत आम्ही सायकलच्या वेगानं गेलो. तिथल्या मिस्त्रीनं खालचा बोल्ट सोडून ते जाड तेल काढून टाकलं, "हे वर चढणार तरी कसं?" म्हणाला आणि गाडीचं पातळ तेल भरलं. गाडी पुन्हा कटकट करायला लागली. भावानं कपाळाला आठ्या घातल्या. मला मात्र जरा हलकं वाटलं.

दिवाळीनंतर मी देवपूरला गेले. सकाळी भाऊ, भावजय आणि दोन्ही पोरं गाडीवरून पांझरा नदीच्या पलीकडे बाजारात निघाली होती. शेजारच्यांनी विचारलं, "गाडी कशी शे हो? अशी एक बघतोय मी."

"एकदम चांगली शे," भाऊ म्हणाला. "थोडी तेल खास. पण रस्तामा कधी दगा नही दे."

मी दारात होते. मला लिंबाखालचे नाना आठवले. भावजय मागे बसायच्या आधी थांबली, बाजूच्या डब्यावर हात मारून म्हणाली, "बाटली ठेवी का?"

"ठेवी वं."

तिनं उघडून बघितली. मग पोरांना मधे घेऊन बसली. गाडी निघाली. कटकट येत होती. पुलापर्यंत ऐकू आली तोवर मी दारातच उभी राहिले.