बशीचा मध्य

काल धाकटीनं बशी उपडी ठेवून वहीत वर्तुळ काढलं आणि विचारलं, "बाबा, ह्याचा मध्य कुठं?" कंपासनं काढलं की मध्याला टोचल्याची खूण राहते, बशीनं काढलं की राहत नाही.

हाच प्रश्न मी वीस वर्षांपूर्वी सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका घरात विचारला होता. मी नवाच गणिताचा मास्तर झालो होतो आणि मुलगी बघायला गेलो होतो. चहा झाल्यावर तिचे वडील म्हणाले, "विचारा की काहीतरी." तिला अडवायचंच म्हणून मी रिकामी बशी कागदावर गिरवली.

तिनं शेजारी पडलेली माझी पत्रिका उचलली आणि तिचा कोपरा वर्तुळाच्या रेघेवर टेकवला. दोन्ही कडा वर्तुळाला जिथं कापत होत्या ते बिंदू जोडले. पत्रिका सरकवून पुन्हा तसंच केलं. दोन रेघा छेदल्या तिथं टिंब दिलं.

"अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो की, मास्तर."

आतून तिची आत्या म्हणाली, "जुळली म्हणायची पत्रिका." सगळे हसले.

तो सिद्धांत मी रोज फळ्यावर लिहीत होतो. त्याचा असा उपयोग मला सुचला नव्हता. घरी येऊन सांगितलं, "मुलगी सावळी आहे."

काल पोस्टकार्डाच्या कोपऱ्यानं मी धाकटीला मध्य काढून दिला.

"तुम्हांला कुणी शिकवलं?"

"मी नाकारलेल्या एका मुलीनं."

"का नाकारलंत?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"तिला येत होतं आणि मला येत नव्हतं, म्हणून."