कुस्तीच्या पोस्टरांतलं एक साल

सकाळचे दहा. मंगळवार पेठेत चहाच्या हॉटेलाबाहेरचा बाक. नव्वदच्या दशकात आम्ही तिघं रोज इथं जमायचो: मी वार्ताहर, बशीरभाई बाइंडर आणि आप्पा किराणा दुकानदार. नाद एकच, जुन्या कुस्ती मैदानांची पोस्टरं. पोस्टर मिळायचं वर्षाला एखादं, किस्से मात्र आठवड्याला दोन!

एका मैदानाच्या सोळा सालांपैकी पंधरा पोस्टरं जमली होती. मधलं एकच साल नव्हतं.

गारगोटीत ते एका ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं आहे, असं कळलं. मालक म्हणाला, "ट्रंकेसकट न्या." आप्पांनी ती एसटीच्या टपावर टाकून आणली. बशीरभाईंनी दोन दिवस ओल्या फडक्यानं कागद सोडवला. साल निघालं आमच्याकडं असलेलंच! आप्पा ट्रंक परत द्यायला गेले, तर मालक दारातूनच ओरडला, "पावणं, आमी नवी घेतलीया की!"

मलकापुरात मात्र नेमकं तेच साल, सलूनच्या भिंतीवर, फ्रेममध्ये! मी प्रेस कार्ड दाखवलं. वस्तारा न थांबवता सलूनवाला म्हणाला, "खालनं तिसरं नाव माझ्या बाचं हाय. पडला हुता त्या दिशी, पर नाव छापलंय की! न्हाय द्यायचो."

बाहेर येऊन मी भडकलो. "सार्वजनिक ठेवा लोक घरात दाबून ठेवतात!"

बशीरभाई म्हणाले, "त्येच्या बाचाच हाय की."

मग बिद्री. तिथल्या एका आजींकडं तेच पोस्टर होतं. त्यावर त्यांच्या नवऱ्याचा, वारलेल्या पैलवानाचा, फोटो. घरात दुसरा फोटो नव्हता. मी म्हणालो, "पेपरात छापतो. आठवड्यात आणून देतो." त्यांनी पातळाच्या घडीतून काढून दिलं, वर चहा पाजला.

बातमी मी लिहिलीच नाही. बशीरभाईंनी दोनदा विचारलं, "आजीचं दिलं का?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "देतो की!" त्याच काळात सरकारी जमिनी लाटणाऱ्यांवर मी रोज आग ओकत होतो. पहिल्या पानावर!

तीन वर्षांनी आम्ही प्रदर्शन भरवलं. सोळाच्या सोळा. आजी एकट्याच आल्या. त्या पोस्टरसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. नजर अधू झालेली, मला ओळखलं नाही.

"तुमच्याकडं बी हाय व्हय ह्ये? आमचं पेपरवाल्यानं नेलंय. आता कुणाला इचारू, बाबा?"

आप्पा जमिनीकडं बघू लागले.

मी म्हणालो, "पेपरच्या ऑफिसात विचारा, आजी."

"लई उपकार झालं बघ," म्हणत आजी पिशवी सावरत निघाल्या.

तो रविवार होता. ऑफिस बंद होतं.