आडनाव नंतर विचारा

देवगाव फाट्यावर कुणी पडलं की पंक्चरवाली मावशी हातातलं चाक सोडून धावायची. बाकीचे आधी माणूस बघायचे. इस्त्रीचे कपडे असतील तर दहा जण पाणी घेऊन पुढे. ऊसतोडीचा मजूर असेल तर लांबूनच, "पिऊन पडला असंल. कोणाचा हाय? आडनाव काय?" मावशी म्हणायची, "आधी दम चालू हाय का बघा. आडनाव नंतर इचारा."

पडलेल्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन ती वास घ्यायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "दारू न्हाई." मग लोक जवळ यायचे. एकदा खरंच वास आला. लोक हसले. "मग? पेलेल्यानं मरावं काय?" म्हणत तिनं त्यालाही कुशीवर वळवलं.

कॉलेजला जाता-येता मी हे नुसतं बघायची. मग एका दुपारी बाबाच पडले. ऊस तोडून परत आले होते, मी त्यांना घ्यायला फाट्यावर गेले होते. छातीला हात लावून ते खाली बसले आणि आडवे झाले. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, पण 'मदत करा' एवढे दोन शब्द तोंडातून फुटले नाहीत. लोक उभेच होते. मावशी आली, वास घेतला, आणि चाक उघडायची टॉमी घेऊन एका जीपपुढे उभी राहिली. एवढं बळ तिच्यात कुठून आलं, मला अजून कळत नाही.

"सीट खराब होईल, मावशी," ड्रायव्हर म्हणाला. बाबांच्या कपड्यांवर पेटवलेल्या उसाच्या फडातली काजळी होती.

तिनं दुकानातली गोधडी आणून सीटवर अंथरली. "आता तुजं सीट बी झाकलं. चल."

दवाखान्यात लिहून घेणाऱ्यानं नातं विचारलं. "बहीण लिवा," मावशी म्हणाली, आणि माझ्याकडे वळून हळूच, "भावाचं नाव काय गं?"

बाबा वाचले. पुढे रस्ता रुंद झाला, मावशीचं दुकान उठलं. ती कुठे गेली, कुणालाच सांगता येत नाही. गोधडी आमच्याकडेच आहे.

गेल्या महिन्यात परभणीत कॉलेजच्या रस्त्यावर एक बाई चक्कर येऊन पडली. लिहायला लाज वाटते, पण माझीही नजर आधी तिच्या फाटक्या लुगड्यावरच गेली. मग मी खाली बसले, श्वास बघितला, रिक्षा थांबवली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती शुद्धीवर आली होती. तिथं नातं विचारलं.

"मुलगी लिहा," मी म्हणाले, आणि वाकून तिला तिचं नाव विचारलं.