आगाऊ पिन

तिला सगळे वायरी म्हणतात. खरं नाव आहे की, चांगलं चार अक्षरी आहे, पण ते आता तिच्या आईलाही क्षणभर आठवावं लागतं. पर्स उघडली की कंगव्याआधी स्क्रूड्रायव्हर बाहेर येतो. केसांत कधी पेन्सिल, कधी सोल्डरची तार. कुणाच्या घरी गेली तर पाणी प्यायच्या आधी नजर स्विचबोर्डावर. अशी ही बाई. पण मामाचा विषय निघाला की लोण्यासारखी.

मामा सभागृहात पडदा ओढायचा. आपण खुर्चीत बसतो, दिवे मंद होतात आणि तो जाडजूड पडदा दोन्ही बाजूंना सरकतो ना, तो काही आपणहून सरकत नाही, बाई! विंगेत दोरीला एक माणूस लटकलेला असतो. तो मामा. आता त्याचा उजवा खांदा पार कामातून गेला. डॉक्टरांनी बजावलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मामा "हो डॉक्टर, हो डॉक्टर" म्हणाला आणि त्याच संध्याकाळी जाऊन दोरीला लटकला. दुसऱ्या कुणाच्या हातात दोरी द्यायची म्हटली की याचं एकच, "पडदा उघडणं म्हणजे काय चादर झटकणं आहे?" मामी बोलून बोलून थकली. शेवटी वायरीच म्हणाली, "माणसाला नाही ना देणार? मग मशीनला दे. मी बनवते." भाची म्हणजे मामाचा जीव की प्राण. अडकला बिचारा!

तर वायरीने घेतला एक बोर्ड. साबणाच्या डबीएवढा, पण आत लिनक्स, म्हणजे अख्खा कॉम्प्युटरच. कडेला पिनांच्या दोन रांगा. यातली गंमत अशी, की एकेका पिनेला दोन-तीन कामं येतात, पण एका वेळी एकच करता येतं. कुणी काय करायचं ते एका फाइलीत लिहून द्यावं लागतं, तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. भरल्या घरात सासू कामं वाटून देते ना, तू पाणी भर, तू भाजी चीर, तू त्या बाळाकडे बघ, अगदी तसं. वायरीने लिहिलं, ही पिन मोटर चालवून पडदा उघडेल, ही मिटेल, या दोघी बटणं सांभाळतील, आणि पडदा टोकाला पोचला की तिथले स्विच पलीकडच्या दोघींना कळवतील. वर बजावून लिहिलं, मोटरच्या दोन्ही पिनांनी सुरुवातीला गप्प बसायचं.

घरी तिने जेवणाच्या टेबलाशेजारी बेडशीट टांगून बघितलं. एक बटण दाबलं की उघडायची, दुसरं दाबलं की मिटायची. आई पलीकडून ओरडायची, "अगं, ताटं कुठे मांडू? का त्या बेडशीटलाच विचारू, जेवतेस का म्हणून?" बोर्ड सकाळपासून लॅपटॉपच्या विजेवर चालू असायचा. मोटरला मात्र आईचा मिक्सर निघाल्यावरच प्लग मिळायचा. त्यामुळे बोर्ड टक्क जागा झाल्यावरच मोटर यायची, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

सभागृहात मात्र बोर्ड आणि मोटर, दोघांना मिळून एकच मेन स्विच. आणि तिथला मॅनेजर म्हणजे विजेचा राखणदार! बायको वाचत बसली असली तरी खोलीतून जाताना दिवा घालवून जातो म्हणतात.

संध्याकाळी प्रयोग, सकाळी रंगीत तालीम. समोर नटांच्या घरची मंडळी बसलेली. मॅनेजरने मेन चालू केला आणि कुणी बटणाला हातही लावला नव्हता, तरी पडदा आपला मधोमध फाकला. फटीत राजेसाहेब. डोक्यावर मुकुट, अंगात बनियन, तोंडात केळं. राजाने केळं पाठीमागे लपवलं आणि मोठ्या इतमामाने मान लववली. समोर हशा.

"वायरीताई, मी उघडा म्हटलं नव्हतं," मॅनेजर म्हणाला.

"मीही नाही म्हटलं," वायरी म्हणाली आणि तिने पटकन बटण दाबून पडदा मिटवला.

मॅनेजर चहाला गेला. जाताना मेन बंद, येऊन चालू. पडदा पुन्हा उघडा! या वेळी राणी होती. पोशाख ढिला होता म्हणून तोंडात सेफ्टी पिना धरून ती तो आवळत होती. किंचाळली, आणि पिना स्टेजभर.

"हा पडदा आहे का भोचक शेजारीण?" राणी कडाडली.

मॅनेजरने वायरीला बाजूला घेतलं. "संध्याकाळपर्यंत हे थांबलं तर ठीक. नाहीतर तुमची ही मशीनची पेटी उतरवा. मामा आहेतच दोरीला."

मामा लगेच पुढे! "बरं झालं, दोरी मी सोडलीच नव्हती."

डबा घेऊन आलेली मामी म्हणाली, "अहो, आणि खांद्याचं काय?"

"खांदा आहे की जागच्या जागी."

"हो, आणि हात लोंबतोय त्याच्याखाली!"

मामाने ऐटीत दोरीला एक हिसका दिला. तोंडातून "आई गं" निघालं ते त्याने खोकल्यात बुडवलं, पण वायरीने ऐकलं. संध्याकाळी पडदा उघडताना-मिटताना असे किती हिसके!

तिने फाइल उघडली. सगळं बरोबर. बोर्डाला विचारलं, उघडायची पिन काय करतेय? बोर्ड म्हणाला, गप्प आहे. चोर तो चोर, वर शिरजोर! मग वायरीने मोटरची तार काढली आणि त्या पिनेला एक इवलासा दिवा लावला.

"मामा, मेन बंद कर. आता चालू कर."

दिवा लग्गेच पेटला. लॅपटॉपवर लिनक्सची एक ओळही आली नव्हती अजून. मग ओळी धावायला लागल्या, त्याने ती कामाची फाइल वाचली, आणि दिवा विझला. वायरीने कपाळावर हात मारला.

"अगं मामी, जागं झाल्यावर गप्प बसायचं ते मी लिहिलं. झोपेत कसं राहायचं ते कुठे लिहिलं? लिनक्स उठेपर्यंत प्रत्येक पिन जन्मतः जशी असेल तशीच राहते. काही हात खाली ठेवून, काही वर करून. ही बया हात वर करून बसलीय, आणि मोटरला वाटतं, चल म्हणाली!"

"तुझ्या मामासारखीच की," मामी म्हणाली. "डोळे उघडत नाहीत, पण चहासाठी हात वर."

"खांद्याच्या वर नेत नाही हं!" मामा म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय."

वायरीने चिपचं जाडजूड पुस्तक लॅपटॉपवर उघडलं आणि जन्मतः गप्प असलेली एक पिन शोधली. मिटायची पिन स्वभावाने गरीबच निघाली, तिला हात लावला नाही. उघडायचं काम तेवढं नव्या पिनेला लिहून दिलं, तार हलवली. तर बोर्ड अडून बसला, म्हणे ही पिन आधीच दिलेली आहे! कुणाला? तर एका सीरियल पोर्टला, म्हणजे दुसऱ्या यंत्राशी बोलायच्या जोडणीला, आणि तिला इथे काहीच जोडलेलं नव्हतं. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरायची आणि यायचंच नाही, त्यातला प्रकार. वायरीने फाइलीत तो पोर्ट बंद म्हणून लिहिलं, फाइल नव्याने बनवून बोर्डावर चढवली आणि मॅनेजरला म्हणाली, "करा काय करायचं ते."

मॅनेजरला आयतंच मिळालं. बंद, चालू, बंद, चालू. राजा पूर्ण कपड्यांत पडद्यामागे उभा, त्याचा काही भरवसा बसला नव्हता. पडदा ढिम्म.

"पण बटण दाबल्यावर उघडेल ना?" मॅनेजरला आता वेगळीच काळजी.

"तुमच्यासमोर दाबते," वायरी म्हणाली, आणि पडदा झकास उघडला.

संध्याकाळी बटण मामाच्या हातात दिलं. घंटा झाली, त्याने अंगठ्याने दाबलं, पडदा दोन्हीकडे गेला. आणि मामाला काही कामच उरलं नाही. हे नाटक तिथे दरवर्षी व्हायचं. पण पडदा उघडला की मामा पाठमोरा होऊन आकड्याला दोरी बांधत बसायचा. सुरुवातीचा हशा त्याने दरवर्षी ऐकला होता, पण लोक कशाला हसतात ते कधी बघितलं नव्हतं.

राजा ऐटीत आला, स्वतःच्याच झग्यावर पाय देऊन सपशेल आपटला. सभागृहात हशा.

"अरे, पडतो होय हा!" मामा विंगेतून एवढ्यांदा ओरडला की पहिल्या रांगेने वळून बघितलं. मॅनेजरने ओठांवर बोट ठेवलं. मामीने सदरा ओढून त्याला स्टुलावर बसवलं.

"हळू बोला हो!"

"अगं, पण पडतो तो!" मामा डोळे पुसत म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नाही!"