थोरल्या शिंप्याचा भोपळा

थोरले शिंपी जन्माला आले तेच मुळी पुढे राहायला. धाकट्या भावाने नवं मशीन घेतलं की थोरल्यांनी मोटारवालं घेतलंच म्हणून समजा. धाकट्याला सर्दी झाली, तर यांना ताप यायचा. दुकानं शेजारीशेजारी, पलीकडच्या मशीनची घरघर वाढली की थोरले आपलं पायडल आणखी दाबायचे.

अशा माणसाच्या नाकावर टिच्चून धाकट्याला हार्ट अटॅक आला. काजं करता करता तो खुर्चीतून घसरला. थोरल्यांनीच त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. बंद पडलेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी उघडली, तोवर बाहेर बसलेल्या थोरल्यांच्याही छातीत दुखू लागलं. मग त्यांनाही झगा चढवून शेजारच्या खाटेवर आडवं केलं आणि रक्त घेतलं.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई आल्या. "हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. इजा जितकी मोठी, तितका आकडा मोठा. तुमच्या भावाचा बराच आहे."

"आणि माझा?"

"तुमचा नाहीच म्हणा ना. तुम्ही नुसते घाबरलात."

थोरल्यांचं तोंड एवढंसं झालं. शाळेतसुद्धा त्यांना कधी भोपळा मिळाला नव्हता. "बाई, पुन्हा एकदा तपासा की," ते म्हणाले. धाकटा नळ्यांसकट गदागदा हसू लागला. बाईंनी मधला पडदा ओढला आणि थोरल्यांना हळूच दटावलं, "हसवू नका त्यांना. आकडा अजून चढतोय. असाच चढत राहिला तर कठीण आहे."

पडद्याआड थोरल्यांचा सगळा तोरा उतरला. भाऊच नसेल तर पुढे राहायचं कुणाच्या? "देवा, माझ्या भोपळ्याशी बरोबरी करू दे रे त्याला," ते पुटपुटले. रडू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

दुपारी पुन्हा रक्त तपासलं. आकडा उतरायला लागला होता. थोरले अनवाणीच वॉर्डभर सुटले. समोरच्या आजोबांना सांगितलं, लादी पुसणाऱ्या मावशींना सांगितलं, झोपलेल्या एकाला उठवून सांगितलं. झग्याचे मागचे बंद सुटलेत, हे शिंपी असून त्यांच्या लक्षात आलं नाही.

"दादा, आधी मागून झाकून घे," धाकटा म्हणाला. "आणि तुझ्या भोपळ्यापर्यंत यायला मला अजून थोडे दिवस लागतील."

थोरले त्याच्या खाटेच्या कडेला टेकले.

"ये सावकाश," ते म्हणाले. "मी थांबतो."